अण्णांची फुकटातली दिल्ली आणि आयोजकांशी माझं थोडं भांडण

आधीच सांगते, आमच्या अण्णांना दिल्लीचं युद्धस्मारक दाखवून आणणाऱ्या संस्थेचं नाव लिहिणार नाहीये. एक तर त्यांची वेटिंग लिस्ट आत्ताच मारुतीच्या शेपटासारखी आहे, आणि दुसरं म्हणजे खाली मी त्यांच्यावर चिडणार आहे, आणि माणसं खरंच चांगली आहेत, उगाच नाव घेऊन कशाला. मुंबईतलीच आहे, ट्रस्ट आहे, ज्यांच्या घरी फौजेतून रिटायर झालेलं म्हातारं माणूस आहे त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा माजी सैनिकांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारा, दहा मिनिटांत कळेल.

तर प्रकार असा. लढाई बघितलेल्या जुन्या सैनिकांना हे लोक दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक दाखवायला नेतात. सैनिकाला एक रुपया खर्च नाही, तिकीट, राहणं, जेवण, व्हीलचेअर सगळं त्यांचं. सोबत येणाऱ्या घरच्या माणसाने आपापले पैसे भरायचे, मला दहा हजारांच्या आत पडलं सगळं मिळून. ही आयडिया अमेरिकेतली आहे, तिथे ऑनर फ्लाइट म्हणून असतं, २००५ साली ओहायोमधल्या एका छोट्या शहरातून सहा छोट्या विमानांतून दुसऱ्या महायुद्धातल्या बारा म्हाताऱ्यांना वॉशिंग्टनला नेलं होतं कारण त्यांचं स्मारक २००४ साली उघडलं आणि तोपर्यंत ते लोक ऐंशीच्या घरात, स्वतःहून जाणार कसे. तिथेही हाच नियम, सैनिक फुकट, सोबतीचा आपल्या खर्चाने. लंडनमध्ये तर टॅक्सीवाल्यांचीच संस्था आहे, १९४८ पासूनची, ते आपल्या काळ्या टॅक्स्यांमधून जुन्या सैनिकांना पार नॉर्मंडीपर्यंत नेऊन आणतात. आपल्या काळी-पिवळीवाल्यांना हे सांगितलं तर म्हणतील उधर नहीं जायेगा. असो.

आमचे अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीचे, जंगी पलटण, म्हणजे फर्स्ट मराठा. मूळ गाव साताऱ्याकडचं, अपशिंग्याच्या पट्ट्यातलं, ज्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात शेहेचाळीस माणसं घालवली आणि ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. त्या भागात मुलगा सतरा-अठराचा झाला की भरतीला उभा राहायचा, तसे अण्णा राहिले. एकाहत्तरच्या लढाईत होते, नायक या हुद्द्यावरून पेन्शनीवर आले, मग परळला बिऱ्हाड, एका बँकेच्या गेटवर बंदूक घेऊन बरीच वर्षं उभे. आम्हाला लहानपणी वाटायचं अण्णा म्हणजे बँकेचे वॉचमन, लढाईबिढाई काही घरात बोलायचेच नाहीत. पंधरा ऑगस्टला चाळीत झेंडा बांधायचं काम तेवढं त्यांच्याकडे.

फॉर्म मीच भरला. आणि इथेच या लोकांना माझे पहिले मार्क. फॉर्ममध्ये आजार, गोळ्या, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचा नंबर, ईसीजी, डॉक्टरचा फिटनेस हे सगळं तर होतंच पण खाली एक रकाना होता, ‘स्मारकावर कुणाचं नाव बघायचं आहे का’. अण्णांनी चष्मा लावून तो रकाना स्वतः भरला, मला हात लावू दिला नाही. त्यातलं एक नाव नुसतं ‘पाटील, कराडकडचा’. आता फौजेत पाटील किती! ट्रस्टचा एक पोरगा, इंजिनीअरिंगला असेल, त्याने त्या पाटलापायी अण्णांना कितीदा फोन केले असतील, कुठली कंपनी, कुठल्या महिन्यात, आर्मी नंबर आठवतो का, आणि अण्णा पण खूश, कारण घरात आम्ही कोण विचारतो एवढं. स्मारकाच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं, त्याने शोधून भिंतीवरची जागा लिहून ठेवली होती. असं काम पैसे घेणाऱ्या ट्रॅव्हलवाल्यांनी कधी केलेलं मी तरी बघितलं नाही.

प्रवास राजधानीने, सीएसएमटीवरून. पूर्वी हे लोक डिसेंबरात न्यायचे, सोळा डिसेंबर विजय दिवस म्हणून, पण दिल्लीच्या धुक्यात गाडी कुठेतरी मध्येच तासन् तास उभी, म्हाताऱ्यांचे हाल, त्यामुळे आता फेब्रुवारी. शहाणपणाचा निर्णय. लोअर बर्थचा मात्र गोंधळ. सगळीच मंडळी पंचाहत्तरीच्या पुढची, ग्रुप बुकिंगमध्ये सगळ्यांना खालचा बर्थ मिळणं अशक्यच, मग स्वयंसेवक वर आणि आजोबा खाली अशी अदलाबदल प्लॅटफॉर्मवरच सुरू. एका आजोबांना खालचा दिला तर ते ऐकेनात, ‘मी वर झोपणार, खाली झोपायला मी काय म्हातारा आहे का’. वय विचारलं तर एक्याऐंशी.

आणखी एक गोष्ट सीएसएमटीलाच घडली. बरोबर एक रिटायर्ड डॉक्टर होते, त्यांनी गाडी सुटायच्या आधी प्रत्येकाचं बीपी घेतलं आणि विक्रोळीहून आलेल्या एका काकांचं इतकं वर गेलेलं निघालं की त्यांना नेणार नाही म्हणाले. मुलगा भांडायला लागला, सामान घेऊन आलोय, रजा टाकलीय वगैरे. डॉक्टर शांत होते पण हलले नाहीत, काकांना पुढच्या बॅचला पहिलं नाव असं लिहून दिलं आणि एक स्वयंसेवक त्यांच्याबरोबर टॅक्सीने घरी सोडायला गेला, म्हणजे त्या पोराची पण ट्रिप गेली. अण्णा म्हणाले, मेडिकल कॅटेगरी लागली बिचाऱ्याला, म्हणजे फौजेच्या भाषेत अनफिट ठरला. वाईट वाटलं पण बरोबर केलं, प्रवासात काही झालं असतं तर सगळंच बंद पडलं असतं.

गाडी हलली आणि डब्यात एकदम ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’! बाजूच्या कंपार्टमेंटमधला एक सूटवाला दचकून उठला, त्याला वाटलं काय झालं. मग ओळखी. फौजेतल्या माणसांच्या ओळखी म्हणजे नाव नंतर, आधी पलटण कुठली, सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, कोण होते, त्या वेळी तुम्ही कुठे होता. आणि कल्याण यायच्या आत सगळे एकमेकांना अरे-तुरे. मी या सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त मार्क कशाला देईन तर त्या डब्यातल्या रात्रीला. कारण जे अण्णा पन्नास वर्षं बोलले नाहीत ते तिथे बोलले, आणि मला नाही सांगितलं, समोरच्या बर्थवरच्या म्हसवडच्या आजोबांना सांगितलं, मी वरून ऐकलं.

जमालपूर. फर्स्ट मराठा आणि त्यांच्या बाजूच्या पलटणीने बांगलादेशात जमालपूरचं ठाणं मागून घेरलं होतं. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी आतल्या पाकिस्तानी कर्नलला चिठ्ठी पाठवली, वेढलेले आहात, शरण या. एक म्हातारा बंगाली सायकलवरून पांढरं फडकं घेऊन ती चिठ्ठी आत घेऊन गेला. उत्तर आलं ते एका गोळीभोवती गुंडाळून, की पुढच्या वेळी तुमच्या हातात पेनऐवजी स्टेनगन दिसू दे. हे सगळं पुस्तकांत आहे, मी नंतर वाचलं. पण दहा डिसेंबरच्या रात्री ते लोक अंधारात बाहेर पडायला आले ते थेट मराठ्यांच्या खंदकांवर, आणि त्या रात्रीचं अण्णा काय सांगत होते तर थंडीचं. खंदकात पाणी होतं, बूट ओले, आणि पाटलाने, तोच कराडकडचा, स्वतःचे कोरडे मोजे अण्णांना दिले होते कारण अण्णांना ताप होता. गोळीबाराबद्दल एक वाक्य, मोज्यांबद्दल पाव तास. म्हसवडचे आजोबा मध्येच म्हणाले, मोजे लोकरीचे की सुती? मला वर हसू पण येत होतं आणि पुढे काय ते कळत पण होतं.

पाटील त्या रात्री गेले. पलटण पुढे टांगाईलवरून ढाक्यात गेली, सोळा तारखेला, तेच मोजे घालून.

बरं, आता दिल्ली. हॉटेल करोलबागेत, लिफ्ट होती, खोल्या स्वच्छ, बाथरूममध्ये धरायला काही नाही. हे लिहून ठेवा, बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल मागून घ्या, आम्ही रिसेप्शनवरच्या माणसाची खुर्ची पळवली. जेवणात राजमा, पनीर, परत राजमा, शुगरवाल्यांना वेगळं देतो म्हणाले होते ते वेगळं म्हणजे भाताशिवाय राजमा. इन्सुलिन ठेवायला फ्रिजची सोय मात्र पहिल्या मिनिटाला विचारली, ती केली. संध्याकाळी चांदनी चौक फिरवतो म्हणाले तर एकजण तयार नाही, सगळ्यांचा एकच प्रश्न, इकडे सीएसडी कँटीन, म्हणजे फौजींचं स्वस्त दुकान, कुठंय.

दुसऱ्या दिवशी स्मारक. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी, इंडिया गेटच्या बाजूलाच आहे, साधारण चाळीस एकर, फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर साडेएकाहत्तर वर्षांनी, तोवर सगळा मान इंडिया गेटच्या खालच्या ज्योतीला, आणि इंडिया गेट मुळात इंग्रजांच्या लढायांत गेलेल्यांसाठी बांधलेलं. ती ज्योतही जानेवारी २०२२ मध्ये इकडच्या ज्योतीत आणून मिळवली, त्यावरून तेव्हा बराच वाद झाला होता आठवत असेल. स्मारक म्हणजे एकात एक चार वर्तुळं, अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र, मधोमध साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि खाली ज्योत. डिझाइन चेन्नईच्या एका आर्किटेक्ट फर्मचं. महाभारतातल्या चक्रव्यूहावरून घेतलंय म्हणे, पण आत शिरायला आणि बाहेर पडायला दोन्ही सोपं आहे, अभिमन्यूचा काही संबंध नाही. प्रवेश फुकट. रोज संध्याकाळी एका शहीदाच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात, ते बघण्यासारखं आहे, शक्य असेल तर सूर्यास्ताची वेळ धरूनच जा.

वीरता चक्रात गाजलेल्या लढायांची ब्राँझची सहा मोठी शिल्पं आहेत, लोंगेवाला, रेझांग ला, तिथवाल, गंगासागर, सियाचीन आणि नौदलाचं ऑपरेशन ट्रायडंट. आमच्यात एक नेव्हीवाले काका होते, उरणकडचे, एकाहत्तरला मुंबई डॉकयार्डात. ते ट्रायडंटच्या समोर जे उभे राहिले ते हलेचनात. ४ डिसेंबरच्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या तीन मिसाइल बोटींनी कराचीवर मारा केला, म्हणून ४ डिसेंबर नौदल दिन, एवढं शाळेत होतं. काकांनी सांगितलं ते वेगळंच, की त्या बोटी रशियाने दिल्या होत्या किनाऱ्याजवळ पहारा करायला, लांब जायला त्यांच्यात तेलच नाही, म्हणून मोठ्या जहाजांनी दोर लावून ओढत नेल्या अर्ध्या रस्त्यापर्यंत. मग त्या शिल्पाकडे बघून म्हणाले, एवढी चकचकीत बोट आमची कधीच नव्हती. आमच्या आईला त्या दिवसांतला लालबागचा ब्लॅकआउट आठवतो, खिडक्यांना काळे कागद, आणि इकडे अण्णा कुठल्या देशात आहेत तेसुद्धा घरी माहीत नव्हतं.

त्याग चक्र म्हणजे नावांच्या भिंती. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक माणूस, पंचवीस हजारांच्या वर, सोन्याच्या अक्षरात. त्या इंजिनीअरिंगच्या पोराने कागद काढला आणि अण्णांची व्हीलचेअर बरोबर त्या भिंतीपाशी नेऊन लावली. अण्णा उठले, भिंतीला एका हाताने धरलं आणि वाचलं. मला वाटलं रडतील. कसलं काय, ‘हां, हाच, नंबर बरोबर आहे’ म्हणाले, हजेरी घेतल्यासारखं, आणि त्या पोराला म्हणाले पुढचं नाव कुठंय. दुसऱ्या नावापाशी म्हणाले हा लांगरी होता, म्हणजे आचारी, चहात मिरी घालायचा. तिसऱ्यापाशी काही बोलले नाहीत, टोपी नीट केली. मग परत पहिल्याकडे चला म्हणाले, पाटलाकडे.

आणि इथे माझं भांडण सुरू होतं. कारण पाटलाकडे परत जायच्या आत शिट्टी वाजली. चला चला, बस लागलीय, हॉलवर कार्यक्रम आहे, माननीय येतायत. स्मारकावर एवढा वेळ घालवायला आपण मुंबईहून दिल्लीला आलो आणि प्रत्यक्षात मिळाला जेमतेम पाऊण तास, त्यातही अर्धा वेळ बॅनर धरून फोटो. परम योद्धा स्थळ, जिथे एकवीस परमवीर चक्रवाल्यांचे पुतळे आहेत, ते तर लांबूनच दाखवलं, बसकडे जाता जाता, ‘उजव्या बाजूला बघा’. आपल्या मुंबईत जन्मलेले कर्नल तारापोर आहेत तिथे, पासष्टच्या लढाईतले, कारवारचे राणे आहेत, त्यांच्यासमोर दोन मिनिटं उभं राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

हॉलमधला सत्कार म्हणजे तर विचारूच नका. माननीय दीड तास उशिरा. तोपर्यंत सगळ्या आजोबांना मेडल लावून स्टेजवर बसवून ठेवलेलं, पहिल्या रांगेत, म्हणजे उठायची सोय नाही. या वयातल्या पुरुषांना दर अर्ध्या-पाऊण तासाने बाथरूमला जावं लागतं हे ज्याच्या घरी म्हातारा आहे त्या प्रत्येकाला माहीत आहे. स्टेजवरून कोण उठणार सगळ्यांसमोर? दोघे उठले, बाकीचे बसून राहिले, शिस्तीची माणसं ना. म्हसवडच्या आजोबांचा चेहरा बघून मी स्वतः स्टेजवर चढले आणि त्यांना उठवून घेऊन गेले, निवेदक माझ्याकडे बघत राहिला, बघू दे. मग माननीय आले, अर्धा तास भाषण, त्यात सैनिकांवर पाच मिनिटं आणि स्वतःच्या कामांवर पंचवीस, मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, परत फोटो, आणि गेले. परतीच्या गाडीत प्रत्येक बर्थखाली नारळ गडगडतायत. अण्णांनी शाल त्या इंजिनीअरिंगच्या पोरालाच देऊन टाकली, त्याला थंडी वाजत होती.

मी हे सगळं ट्रस्टच्या काकांना तोंडावर बोलले. ते म्हणाले ताई, माननीय नाही बोलावले तर डोनेशन कुठून येणार, बसचे पैसे त्यांच्याच माणसाने दिलेत. हे पण खरंच असेल, मी नाही म्हणत नाही, फुकट काहीच नसतं. पण मग सत्कार मुंबईत करा ना, निघायच्या आधी, दादरला एखादा हॉल घ्या, तिथे घरची माणसं टाळ्या वाजवायला येतील, नातवंडं बघतील, बाथरूम कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असेल. दिल्लीतला अख्खा दिवस भिंतीपाशी द्या. कुणाला तासभर लागेल, कुणाला दहा मिनिटं, कुणी नुसता झाडाखाली बसेल, बसू दे. शिट्टी वाजवायची नाही. हे लोक आयुष्यभर शिट्टीवर उठले आणि बसले.

अजून एक, वीरपत्नींना पण घ्या. या बॅचमध्ये एकही नव्हती, मी विचारलं तर म्हणे फॉर्म फक्त माजी सैनिकांसाठीच आहे. ज्यांची नावं भिंतीवर आहेत त्यांच्या बायका सातारा-कोल्हापुराकडे गावोगाव आहेत, सत्तरी-पंचाहत्तरीच्या, त्यातल्या कितीतरी जणींनी ते नाव अजून बघितलेलं नसणार.

एवढं सगळं ऐकून पाठवू का नको असं विचाराल तर पाठवा, डोळे झाकून पाठवा, आणि जमलं तर स्वतः बरोबर जा, रजा टाका. पाचपैकी साडेतीन देते, दीड त्या हॉलचा कापला. फोन करणारी पोरं, डॉक्टर, व्हीलचेअर ढकलणारे कॉलेजचे विद्यार्थी, यांना पैकीच्या पैकी. गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, मेडल घरी पिनेला नीट लावून न्या कारण तिथे सगळ्यांची घाई होते, आणि ज्यांची नावं शोधायची आहेत त्यांची पलटण आणि साल तरी आधीच विचारून घ्या, त्या पोरावर दया करा.

आता पुढची ट्रिप दीवची काढतायत म्हणे, खुकरीच्या स्मारकाला. आयएनएस खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्याच नावाची नंतरची युद्धनौका पण आता म्युझियम करायला दीवलाच दिलीय. नेव्हीवाल्या काकांनी तिथल्या तिथे नाव नोंदवलं, आणि घरी आल्यावर अण्णा म्हणाले माझं पण टाक. मी म्हटलं अण्णा, तुमची पलटण कुठे, समुद्र कुठे, तुम्हाला एलिफंटाच्या बोटीत पण मळमळतं. तर म्हणाले, तो उरणवाला माझ्याबरोबर पाटलाकडे आला होता, मी नको का जायला?

वेरावळपर्यंत ट्रेन आणि पुढे बस असं सांगतायत. ट्रस्टच्या काकांना मी आधीच विचारून ठेवलंय, हॉल आहे का. म्हणाले ताई, अजून ठरलं नाही. फॉर्म आणलाय, ईसीजी तीन महिन्यांच्या आतला लागतो, तो शनिवारी काढून घेते.